फौजीच्या वतीने माफी

तुरुंगात मला सगळे फादर म्हणायचे. मी फादर नाही, पाळकही नाही. कुपवाडच्या एका कारखान्यात पंपाचे सुटे भाग तपासून ते पास की नापास हे ठरवणारा माणूस आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत अधूनमधून उपदेश करतो, आणि शनिवारी पहिली शिफ्ट संपली की मोटारसायकल काढून सांगलीतल्या तुरुंगात कैद्यांसमोर बोलायला जायचो. 'जायचो' असं लिहावं लागतंय, तेच खुपतंय.

सुरुवातीला मी सांगून पाहिलं, "अहो, मी फादर नाही, मला मुलंबाळं आहेत." त्यावर मिरजेचा एक म्हातारा शिंपी, फसवणुकीच्या गुन्ह्यात आत आलेला, मोठ्याने म्हणाला, "मग तर फादरच की! पोरं असलेल्याला दुसरं काय म्हणायचं?" सगळी बराक हसली आणि ते नाव चिकटलं.

परवानगी दरवर्षी नव्याने काढावी लागे. कागदावर आमच्या कामाचं नाव 'नैतिक प्रवचन' असं होतं. अटी ठरलेल्या. धर्म बदलण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. दाखवल्याशिवाय पुस्तक वाटायचं नाही. आतला निरोप बाहेर न्यायचा नाही, बाहेरचा आत आणायचा नाही. जेलरसाहेब सभ्य माणूस. दर वेळी झडतीनंतर चहा पाजायचे आणि म्हणायचे, "फादर, देवाबद्दल खुशाल बोला. फक्त कुणाचा देव ते सांगू नका. हल्लीचे दिवस तुम्हाला माहीतच आहेत." माहीत होते. आमच्या मंडळीतल्या प्रार्थनाही हल्ली खिडक्या लावून होत होत्या. म्हणून मी येशूचं नाव न घेता त्याच्या गोष्टी सांगायला शिकलो. 'एक गुरू होता' अशी सुरुवात करायची. दर वेळी जीभ चावल्यासारखं वाटायचं, पण आत जायला मिळतंय ना, अशी मनाची समजूत घालायची.

आत जाऊन तरी काय होत होतं? समोर बसायचे ते बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. कडुनिंबाखाली तासभर बसायला मिळतं, बराकीच्या कोंदट हवेतून सुटका होते आणि शेवटी बिस्किटाचा पुडा मिळतो, म्हणून ते येत. शिंपी तर तोंडावर सांगायचा, "फादर, आज बोलणं लांबवा जरा. आत गेलो की पुन्हा त्याच माणसांची तोंडं बघायची हायत." मी क्षमेवर बोलत असताना मागे दोघे जण टॉवेलवरून भांडत असायचे. जामीन झाला की माणूस निघून जायचा; रस्त्यात भेटला तर ओळख दाखवायचा नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती.

रविवारी मंडळीतली माणसं विचारायची, "काय, काही फळ?" आमच्यात असंच विचारतात. कुणी बदललं का, कुणी रडलं का, कुणी व्यसन सोडलं का. मी म्हणायचो, "पेरणी चालू आहे." वर्षानुवर्षं पेरणीच चालू होती. मला फळ हवं होतं, हे इथे सरळ लिहितो. देवासाठी हवं होतं असं म्हणत होतो, पण उभं राहून सांगता येईल असं काहीतरी मला स्वतःसाठी हवं होतं. पुढे जे झालं त्यात या हावेचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

मग फौजी आला. शिराळ्याच्या पुढच्या एका गावचा शेतकरी, सैन्यातून निवृत्त झालेला, म्हणून सगळे त्याला फौजी म्हणत. बसायचा मागे, पण पाठ ताठ. बरेच महिने एक शब्द बोलला नाही. त्याची हकिगत मला शिंप्याकडून कळली. फौजीची आणि त्याच्या चुलतभावाची विहीर सामाईक. उसाला पाणी पाजायच्या पाळ्या वाटून घेतलेल्या. शेतीची वीज येते तेव्हाच मोटर चालते. त्या दिवशी फौजीच्या पाळीत भावाने मोटर आपल्या रानाकडे वळवली. शब्दाला शब्द वाढला. फौजीने हातातलं खोरं फिरवलं. भावाच्या डोक्याला टाके पडले आणि उजव्या हाताचं कोपर चुरलं. गुन्हा लागला तो जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा. ज्या विहिरीवरून हे झालं, त्याच विहिरीत दोघं एकमेकांच्या कमरेला दोर बांधून पोहायला शिकले होते.

एका शनिवारी मी समेटावर बोललो. देवापुढे अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे, तर ते अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग परत ये, अशी ती शिकवण. त्यांना कळावं म्हणून मी म्हणालो, "नैवेद्याचं ताट हातात असलं तरी खाली ठेवा. देव थांबतो. भाऊ थांबत नाही." वाक्य चांगलं जमलं होतं. मला अशी वाक्यं जमतात.

पुढच्या शनिवारी बाकीचे बिस्किटं घेऊन उठले तरी फौजी बसून राहिला.

"फादर, एक इचारू?"

"विचारा की."

"तुमी म्हनला, आधी जा. मी जाऊ कसा? मी तर हितं हाय."

मी ठरलेलं उत्तर दिलं. "मनाने जा. मनातून माफी मागा. देव बघतो."

"देव बघतोय वो. पन त्याला कसं दिसनार?"

"कुणाला?"

"भावाला."

तो हात चोळत म्हणाला, "मी तुमच्यात येनार न्हाई, ते आधीच सांगतो. आमी जोतिबाची मानसं. पन तुमचा गुरू बोलला ते खरं बोलला. सात-आठ दिस झालं, भाकरी गिळत न्हाई. ह्यावर इलाज काय, एवढंच सांगा."

इतक्या वर्षांत एका माणसाने माझं ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी जातो तुमच्या वतीने."

त्याने मान वर केली. "खरंच जाल?"

"जातो."

"मग मोकळ्या हातानं जाऊ नगा. टॉवेल-टोपी आनि नारळ घेऊन जावा. आमच्यात तशी रीत हाय. त्याच्या म्होरं ठेवा आनि म्हना, त्याची चूक झाली, त्यानं पाठवलंय." मग घाईने पुढे म्हणाला, "केस काढून घे, असं म्हनू नगा हां. त्यातला शब्द काढू नगा. निस्ती चूक झाली म्हना."

बाहेर पडताना मी दारावरच्या पाटीकडे पाहिलं, ती निरोप न नेण्याची. पाटी वाचून मी मनाशी काय म्हणालो ते अजून आठवतं. निरोप म्हणजे घरची खुशाली, वकिलाचं काम, पैशाअडक्याची गोष्ट. पश्चात्ताप म्हणजे निरोप नव्हे. कारखान्यात एखादा भाग केसभर जरी जास्त भरला तरी मी तो बाजूला काढतो. त्या दिवशी स्वतःचं हे म्हणणं मी मोजमाप न घेता पास केलं.

रविवारी उपासना झाल्यावर गेलो. पेठ नाक्यावरून शिराळ्याकडे वळलो तेव्हा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. पिशवीत नारळ, नवा टॉवेल आणि पांढरी टोपी. गावात फौजीचं नाव सांगून घर विचारलं, तर एकाने हाताने दाखवलं आणि मी पुढे गेल्यावर तोही मागोमाग आला. आणखी दोघे-तिघे आले.

दोन्ही भावांचं अंगण एकच. एका कट्ट्यावर एक म्हातारी बसली होती, ती फौजीची आई. तिच्यासमोर ताटली होती आणि चुलतभावाची बायको तिला आमटी वाढत होती. फौजीची बायको मुलं घेऊन माहेरी गेली होती. तेव्हापासून म्हातारीचं खाणंपिणं त्या पुतण्याच्याच घरी होतं. म्हणजे ज्याचं कोपर फौजीने फोडलं, त्याच्याच चुलीवर फौजीच्या आईची भाकरी भाजत होती. फौजीला हे ठाऊक होतं. मला ते त्या अंगणात उभं राहिल्यावर कळलं.

चुलतभाऊ बाहेर आला. उजवा हात कोपरात वाकून तसाच राहिलेला, कुणी काही धरायला दिल्यासारखा. मी कोण, कुठून आलो ते सांगितलं. तुरुंग म्हटल्यावर म्हातारी ओरडली, "माझा ल्योक जेवतो का वो?"

"जेवतो, आजी," मी म्हणालो. खोटं होतं.

मी पिशवीतून नारळ, टॉवेल आणि टोपी काढून त्याच्यासमोर कट्ट्यावर ठेवली. म्हणालो, "तुमच्या भावाने पाठवलंय. त्याची चूक झाली, असं त्याचं म्हणणं आहे. दुसरं काही मागणं नाही."

तो त्या वस्तूंकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी चर्चचं न्हवं?"

"हो."

"त्यो बाटला काय?"

"नाही. जोतिबा सोडणार नाही, असं त्याने मला आधीच सांगितलंय."

तो जरा हसला. "त्यो सोडायचाबी न्हाई. लय हेकट हाय." आणि लगेच तोंड कडक करून म्हणाला, "हात बघा ह्यो. ह्या हातानं घास जात न्हाई. चूक झाली म्हनं! सोता का न्हाई आला?"

"तो आत आहे. कसा येणार?"

"व्हय. तेबी खरं."

एवढ्यात एक तरुण पुढे आला. चुलतभावाच्या बायकोचा भाऊ, म्हणजे त्याचा मेव्हणा. खटल्याची धावपळ तोच करत होता, हे पुढे कळलं. त्याच्या हातात मोबाइल होता, पण हल्ली सगळ्यांच्याच हातात असतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

"दाजी, नारळाला हात लावू नगा," तो म्हणाला. "नारळ घेतला की मिटलं म्हनत्यात. तारीख तोंडावर आलीया आनि आता पाद्री पाठवलाय. कळतंय आमाला सगळं."

"मिटवायचा प्रश्नच नाही," मी म्हणालो. "केसबद्दल मी एक शब्द बोललो नाही."

"आवं, मग नारळ कशाला आनला? शेंडी ठेवायला?"

जमलेली माणसं हसली. चुलतभाऊ हसला नाही. तो मला म्हणाला, "पावनं, मला मिटवायचं न्हाई. आनि तुमाला हाकलायचंबी न्हाई. ठिवा तितंच. च्या घेऊन जावा."

चहा घेऊन मी निघालो. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला होता. त्याने नारळ परत दिला नाही! चहा पाजला! परतीच्या वाटेवर मी मोठ्याने गाणी म्हणत आलो. त्याच संध्याकाळी मंडळीच्या प्रार्थनेत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. दोन भाऊ, एक विहीर, कट्ट्यावरचा नारळ. बायका डोळे पुसत होत्या. कुणीतरी म्हणालं, "किती वर्षांचं फळ!" मी मान खाली घातली, नम्र माणसाने घालावी तशी.

मी तिथे ही गोष्ट सांगत होतो तेव्हा शिराळ्याच्या बाजूला ती सगळ्यांनी पाहून झाली होती. मेव्हण्याने मोबाइलवर चित्रण केलं होतं. आरोपीने माणूस पाठवून साक्षीदारावर दबाव आणला, अशी तक्रार दोनच दिवसांत झाली. चित्रणात मी नारळ ठेवताना दिसतो आणि माझा आवाज स्वच्छ ऐकू येतो: तुमच्या भावाने पाठवलंय.

शनिवारी तुरुंगाच्या दारात जेलरसाहेबांनी मला आत घेतलं नाही. चहाही नाही. "फादर, तीन गोष्टी सांगितल्या होत्या. जी साधी होती तीच तुम्ही मोडली."

"साहेब, तो निरोप नव्हता."

"मग काय होतं?"

मी सांगायला लागलो. पश्चात्ताप, समेट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वरून विचारणा आली तर मी काय लिहू? पश्चात्ताप बाहेर गेला?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "त्याचा जामीन होणार होता हो. आरोपपत्र गेलंय, आधीचा गुन्हा नाही, फौजेतला माणूस. सगळं जुळलं होतं."

हे मला ठाऊक नव्हतं. जामिनाचा अर्ज लागलाय हे मी विचारलंच नव्हतं. क्षमेबद्दल इतकी वर्षं बोलणाऱ्या माणसाला समोरच्याची तारीख कधी आहे हे विचारावंसं वाटलं नव्हतं. महिना-दोन महिने थांबलो असतो तर तो स्वतः त्या अंगणात गेला असता. त्याच्या ऐवजी मी गेलो आणि त्याची वाट बंद करून आलो. घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं नारळ न्यायला? आपल्यात तरी कधी नारळ नेलायस का कुणाकडे?" मी चिडून उठून गेलो.

फौजीचा वकील विश्रामबागेत बसतो. गेलो. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्हीच का ते? या. एक उपाय आहे. तुम्ही आपल्या मनाने गेलात, असं लिहून द्यायचं. आरोपीने लिहून द्यायचं, मला यातलं काही माहीत नाही. धार्मिक माणूस, भावनेच्या भरात गेला. न्यायालय समजून घेईल."

"पण त्याला माहीत होतं."

"'मी जातो' असं आधी कोण म्हणालं?"

"मी."

"मग झालं की! खोटं कुठे आहे?"

मला ते पटलं. इतक्या सहज पटलं की आता लाज वाटते. मी सही करायला तयार झालो. वकील म्हणाला, "अडचण वेगळीच आहे. तुमचा तो चेला सही करत नाही. म्हणतो, मीच पाठवलं. तुम्हीच डोक्यात भरवलंय, आता तुम्हीच काढा."

तारखा हल्ली बऱ्याचदा पडद्यावरच होतात, कैद्याला आणतच नाहीत. त्या दिवशी मात्र आणलं. न्यायालयाच्या व्हरांड्यात, दोन पोलिसांच्या मध्ये बाकावर फौजी बसला होता. वाळला होता, पण पाठ तशीच. मला बघून उठायला लागला, पोलिसाने खांद्यावर हात ठेवून बसवलं. वकिलाने त्यांच्याशी काहीतरी बोलून मला थोडा वेळ मिळवून दिला.

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. "माझं चुकलं," मी म्हणालो. "मी थांबायला हवं होतं."

"ते जाऊ द्या. गेला ते लय बरं केलं. आई दिसली?"

"दिसली. बरी आहे. त्यांच्याच घरी जेवते."

त्याने डोळे मिटले, उघडले. "हां."

"आता ऐका. वकील म्हणतात तसं करा. म्हणा, फादर आपल्या मनाने गेला. आज जामीन होईल. उद्या तुम्ही स्वतः जा त्याच्या दारात, काय मागायची ती माफी मागा."

"अन् त्यो काय म्हनंल? म्हनंल, कोर्टात म्हनला मी न्हाई पाठवलं, आनि आता दारात येतोय. मग ती माफी कुनाची हुती? तुमची? तुमचा काय संबंध? खोरं मी मारलं."

"अहो, हे न्यायालय आहे. हे समजत नाही त्यांना."

"फादर, मला एकच गोष्ट लय दिसांनी बरी जमली. ती मी न्हाई केली, असं म्हनू?"

मी त्याचा हात धरला. मी काय काय बोललो! देव मन पाहतो. प्रसंग पाहून बोलण्यात पाप नसतं. आईचा विचार करा. जी पळवाट दुसऱ्या कुणी मागितली असती तर मी भर सभेत झोडपली असती, ती मी त्याला विनवणी करून देत होतो. तो ऐकत होता, शनिवारी ऐकायचा तसाच, डोळे माझ्या तोंडावर लावून. शेवटी म्हणाला, "तुमी मस्त बोलता वो. पन ह्ये त्या दिवशीसारखं न्हाई वाटत."

पुकारा झाला.

मी मागच्या बाकावर बसलो. पलीकडे चुलतभाऊ बसला होता, शेजारी मेव्हणा. सरकारी वकिलांनी चित्रणाचा विषय काढला. आमचा वकील उठला, म्हणाला की तो गृहस्थ एक भाविक माणूस असून स्वतःच्या मनाने तिथे गेला. त्याने सहीचं नाव काढलं नाही. नुसतं बोलून भागतंय का, ते बघत होता. न्यायाधीशांनी मान वर केली आणि थेट फौजीला विचारलं, "तुम्ही माणूस पाठवला होता का?"

त्या क्षणी मी प्रार्थना केली. आयुष्यभर लोकांना खरं बोलायला शिकवलं, आणि तिथे हात घट्ट जुळवून मी मागत होतो: देवा, या माणसाला एकदा खोटं बोलू दे. फार नाही, एक शब्द. 'नाही' म्हणू दे.

"व्हय साहेब," फौजी म्हणाला. "माफी मागाया पाठवला हुता. दबाव न्हवता. पन पाठवला मीच."

वकिलाने डोळे मिटून घेतले. पुढचं फार वेळ चाललं नाही. अर्ज फेटाळला गेला. फौजीला बाहेर नेताना तो माझ्याकडे वळला आणि मान हलवली, जणू एखादं काम उरकलं. मी त्याच्यावर भयंकर संतापलो होतो. ज्याने माझं ऐकलं अशा एकाच माणसावर मी संतापलो होतो, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

खाली चहाच्या टपरीवर उभा होतो तर चुलतभाऊ आला. मेव्हणा गाडी काढायला गेला होता. त्याने डाव्या हाताने गिलास घेतला.

"पावनं, त्यो आत बोलला ते खरं? का वकिलानं पढवलं?"

"वकिलाने उलटंच पढवलं होतं. मीसुद्धा. त्याने ऐकलं नाही."

"मला वाटलं, नारळ म्हंजे त्याच्या वकिलाचं डोकं." त्याने चहावर फुंकर मारली. "हेकट हाय त्यो. ल्हानपनापासनं. आता मी केस काढून घेतो म्हनलो तर?"

"निघत नाही. हा गुन्हा तसा नाही. सरकार चालवतं."

"मग मी जाऊन बोललो त्याच्यासंगं? शनवारी सोडत्यात न्हवं आत?"

"फिर्यादीला सोडतात की नाही, मला माहीत नाही."

"इचारून सांगा की. तुमी जाताय न्हवं तितं?"

"मला आता दारात उभं करत नाहीत. त्या नारळामुळेच."

"बरं, मग तुमी माझं एवढं सांगा त्याला, की..." तो बोलता बोलता थांबला, कारण मी मान हलवत होतो.

"निरोप नेता येत नाही," मी म्हणालो. "आता तर मुळीच नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. "मग तुमचा उपेग काय वो?"

टोमणा नव्हता. खरंच माहिती हवी म्हणून विचारलं होतं, आणि मी काय सांगतो याची तो गिलास धरून वाट बघत राहिला. पलीकडून मेव्हण्याने दोनदा हॉर्न वाजवला. त्याने चहा तसाच ठेवला आणि गाडीकडे गेला.